वाळूचे बेट आणि त्याचे धनी



समुद्रकाठची पोरे पायावर ओली वाळू थापतात, हळूच पाय काढून घेतात आणि खोपा करतात. पुढची लाट आली की खोपा गेला. म्हणूनच कच्च्या कामाला आपण वाळूचे घर म्हणतो. पण आज मी तुम्हांला एका अशा बेटाची हकिगत सांगणार आहे, की जे जवळजवळ सारेच्या सारे वाळूचे आहे. आणि तरीही त्यावर उंच झाडे आहेत, गोड्या पाण्याची तळी आहेत, गावे आहेत, शाळा आहे, आणि हजारो वर्षे तिथेच नांदत आलेली माणसे आहेत. तेव्हा प्रश्न असा, की वाळूचे हे घर टिकले कशाने?

हे बेट ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वीन्सलंड प्रांतात, ब्रिस्बेन शहरासमोरच्या उपसागरात आहे. नकाशावर त्याचे नाव नॉर्थ स्ट्रॅडब्रोक आयलंड. तिथले लोक लाडाने ‘स्ट्रॅडी’ म्हणतात. पण त्याचे मूळचे नाव मिंजेरिबा. ज्या उपसागरात ते वसले आहे त्याला तिथले आदिवासी क्वांडामूका म्हणतात, आणि स्वतःलाही ते क्वांडामूकाचे लोक म्हणवितात. स्ट्रॅडब्रोक हे नाव १८२७ साली दिले गेले. त्या वर्षी इंग्रजांची एक युद्धनौका इथे आली होती. तिच्या कप्तानाच्या वडिलांच्या उमरावी किताबावरून बेटाचे बारसे झाले. मिंजेरिबा हे नाव मात्र बेटावर राहणाऱ्यांचे. आपण आज तेच वापरू.

बेट केवढे? सुमारे अडतीस किलोमीटर लांब, रुंदीला अकराएक किलोमीटर, क्षेत्रफळ अंदाजे २७५ चौरस किलोमीटर. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जी मूळ मुंबई, तशा चार मुंबया त्यात मावतील. पण वस्ती किती म्हणाल, तर कायमची माणसे दोन हजारांच्या आसपास. जगातल्या वाळूच्या बेटांत याचा क्रमांक दुसरा. पहिले के-गारी, तेही क्वीन्सलंडातच, थोडे उत्तरेला.

चला, मनानेच तिकडे जाऊ या. ब्रिस्बेनहून आगगाडीने क्लीव्हलंड नावाच्या शेवटच्या स्टेशनावर उतरायचे. तिथल्या धक्क्यावरून माणसांची लाँच सुटते. ती अर्ध्या तासाच्या आत पलीकडे पोचते. मोटारी वाहून नेणारी मोठी बोट पाऊण तासाच्या वर घेते. अजून बेटावर जायला पूल नाही, आणि कदाचित त्यामुळेच तिथली चाल संथ राहिली आहे. घाई करून उपयोग काय? बोट सुटेल तेव्हा सुटेल. उतरतो ते गाव डनविच. त्याचे जुने नाव गूम्पी. उत्तरेच्या टोकाला ॲमिटी पॉइंट, म्हणजे पूलन. आणि ईशान्येच्या कोपऱ्यावर, खुल्या महासागराकडे तोंड करून पॉइंट लुकआउट, म्हणजे मुलुम्बा. एवढीच तीन गावे. डनविचहून पॉइंट लुकआउट वीसएक किलोमीटरवर, रस्ता डांबरी.

आता ही वाळू आली कुठून, ते पाहू. दक्षिणेकडे न्यू साउथ वेल्समधल्या डोंगरांतले खडक झिजतात, त्यांचा चुरा नद्या समुद्रात आणून टाकतात. त्या किनाऱ्यावर लाटा बहुतेक आग्नेयेकडून, तिरप्या येतात. तिरपी लाट वाळूचा कण किनाऱ्यावर थोडा पुढे टाकते. ओसरताना तो सरळ खाली घसरतो. दुसरी लाट त्याला आणखी थोडा पुढे ढकलते. असा एक एक कण, पावलापावलाने, शेकडो किलोमीटर उत्तरेकडे चालत जातो. पॉइंट लुकआउटजवळ मात्र खऱ्या खडकाचे टोक आहे. त्या टोकाला वाळू अडली, वाऱ्याने तिचे ढीग घातले, ढिगांचे डोंगर झाले. हे काम लाखो वर्षे चालले आहे. आज बेटावरची सर्वांत उंच टेकडी दोनशे मीटरच्या वर आहे, आणि तीही वाळूचीच.

पण नुसती साचलेली वाळू वारा उद्या उडवून नेईल. तिला धरून ठेवले कोणी? झाडांनी. आधी पुळणीवर वेली आणि गवत येते. मग सुरू येतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर जी सुरूची बने आपण पाहतो, त्याच कुळातला. मग केवड्याच्या जातीची झाडे, आधारमुळे टेकून वाऱ्याला तोंड देत उभी. त्यांच्या आडोशाला बँक्सिया, आणि आत निलगिरीच्या नाना जाती. वाळूत खत नसते. पण पाला पडतो, कुजतो, त्याचा कस पुढची मुळे शोषून घेतात. म्हणजे हे रान जमिनीवर कमी आणि स्वतःच्याच पाल्यावर जास्त जगते. पाल्याचा तो पातळ थर खरवडून टाकला, तर खाली राहील ती नुसती पांढरी वाळू.

आणि पाणी? काय गंमत आहे पाहा. चारी बाजूंनी खारा समुद्र, पायाखाली चाळणीसारखी वाळू, आणि तरी गोड्या पाण्याला तोटा नाही. पडलेला पाऊस वाळूत मुरतो आणि खाली साठतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून खाली शिरलेल्या समुद्राच्या पाण्यावर ते तरंगत राहते. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात हे सहज दाखविता येईल. काचेच्या पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्या. त्यावर चमच्याच्या पाठीवरून, अगदी हळू, रंग घातलेले गोडे पाणी सोडा. दोन थर वेगळे दिसतील. बेटाच्या पोटात हेच आहे. साठा भरपूर आहे म्हणून पलीकडच्या मुख्य भूमीवरच्या वस्तीलाही इथले पाणी नळाने जाते.

बेटावरच्या तळ्यांचेही दोन प्रकार आहेत. वाळूच्या ढिगात एक बशी पुरा आणि वरून पाणी घाला. बशीत पाणी थांबेल, बाजूचे मुरून जाईल. कुजलेल्या पाल्याचा चिकट थर काही ठिकाणी अशी बशी तयार करतो, आणि त्यात तळे साचते. बुम्मिएरा हे तळे त्यातले. झाडपाल्याच्या अर्काने त्याचे पाणी कोऱ्या चहासारखे तांबूस दिसते. दुसरा प्रकार म्हणजे जमिनीच्या पोटातला साठाच खोलगट जागी उघडा पडतो, विहिरीत पडावा तसा. काबूरा तळे तसले. निळे, निवळ, रानात लपलेले. वाटेवरून सुमारे अडीच किलोमीटर चालून जावे तेव्हा दिसते. अॅडलेड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ साली आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्यांना असे आढळले, की गेल्या सुमारे साडेसात हजार वर्षांत या तळ्याच्या पाण्यात फारसा बदल झालेला नाही. भोवतालच्या मुलखाने किती अवर्षणे पाहिली असतील! तळे मात्र तसेच राहिले.

आता तिथले जीवजंतू. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू होतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत पॉइंट लुकआउटच्या कड्यावर नुसते उभे राहावे. दक्षिण ध्रुवाकडचे कुबडे देवमासे पिले घालण्यासाठी उबदार पाण्याकडे जातात आणि पिलांना घेऊन परततात, ते या कड्यासमोरून. चौदा-पंधरा मीटर लांबीचे, तीस टनांच्या घरातले ते धूड पाण्याबाहेर उसळी घेते आणि पडते, त्याचा धबाका कड्यापर्यंत ऐकू येतो. शेजारच्या मोरटन बेटावर १९५२ ते १९६२ या काळात देवमासे मारून त्यांचे तेल काढण्याचा कारखाना होता. दहा वर्षांत सहा हजारांवर देवमासे त्याने मारले. मग मारायला मासेच उरले नाहीत, आणि कारखाना बंद पडला. १९६३ पासून दक्षिण गोलार्धात या जातीला संरक्षण मिळाले. काही शेकड्यांवर आलेली ती प्रजा आज पुन्हा हजारांनी मोजतात. मारणे थांबविले की निसर्ग कधी कधी माफ करतो, त्याचे हे उदाहरण.

त्याच कड्याच्या गवतावर संध्याकाळी कांगारू चरायला येतात. पायवाट घळीच्या कडेने फिरते. खाली पाण्यात कासवे डोके वर काढतात, डॉल्फिन जातात, उन्हाळ्यात पाकट जातीतले प्रचंड मांटा मासे येतात. वर घिरट्या घालतो तो पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. तो आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. त्याला पासपोर्ट लागत नाही. उपसागराच्या उथळ पाण्यात समुद्रगाई गवत चरतात. रानात सोनेरी अंगाचा एक वॉलबी आहे, कांगारूचाच धाकटा भाऊ. आणि निलगिरीच्या दुबेळक्यात दिवसभर झोपलेला कोआला. मुख्य भूमीवर रान तुटले, मोटारी वाढल्या, कुत्री वाढली आणि कोआला कमी होत चालला. २०२२ साली क्वीन्सलंडातल्या कोआलाची गणना सरकारने संकटग्रस्त प्राण्यांत केली. म्हणून या बेटावरची ही वेगळी राहिलेली वस्ती मोलाची.

इथवर वाळू झाली, पाणी झाले, पशुपक्षी झाले. पण बेटाची खरी ओळख पुढेच आहे, ती त्याच्या माणसांची.

बेटावर वॉलेन वॉलेन नावाचा एक ओढा आहे. तिथे उत्खनन केले तेव्हा माणसांच्या राहण्याच्या खुणा वीस हजार वर्षांहून जुन्या निघाल्या. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होता. हा उपसागर नव्हता. तिथे कोरडे मैदान होते. पुढे हिमयुग संपले, बर्फ वितळले, पाणी चढत आले आणि मैदान बुडाले. म्हणजे बेट होण्याआधीपासून ही माणसे इथे आहेत. समुद्र आत येताना त्यांच्या पूर्वजांनी पाहिला. नूनुकल, गोएनपूल आणि न्गूगी ही त्यांची तीन कुळे. मायोरा झऱ्याजवळ, जिथे गोडे पाणी खारफुटीतून समुद्राला मिळते, तिथे त्यांनी खाल्लेल्या शिंपल्यांचे ढीग आहेत. पुळणीच्या ओल्या वाळूत सापडणाऱ्या एका शिंपलीला ते युगारी म्हणतात. आपल्याकडे जशा तिसऱ्या, तशी ही. टाच फिरवून वाळू उकरायची आणि हाताला लागेल ती वेचायची. ही रीत अजूनही चालू आहे.

आणि एक गोष्ट तर ऐकून नवल वाटेल. हिवाळ्यात किनाऱ्याने बोई माशांचे थवे जातात. ॲमिटी पॉइंटला कोळी किनाऱ्यावर उभे राहत आणि भाल्यांनी पाण्यावर थापा मारत. त्या आवाजासरशी डॉल्फिन येत आणि बोईंचा थवा किनाऱ्याकडे रेटत. माणसे जाळी घेऊन पाण्यात शिरत. घाबरलेला मासा एकीकडे जाळ्यात, दुसरीकडे डॉल्फिनच्या तोंडात. दोघांचेही पोट भरे. भाल्याच्या टोकावर मासा धरला तर एखादा ओळखीचा डॉल्फिन तोही घेई. १८५६ साली एका इंग्रजाने ही हकिगत लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञांना कळविली. पुढे इतरांनीही लिहून ठेवली. डॉल्फिनला मारायचे नाही, हा त्या व्यवहारातला करार. कागदावर नसला तरी तो पाळला गेला.

पाहुण्यांशीही ही माणसे अशीच वागली. कॅप्टन कुक १७७० साली समुद्रातूनच पुढे गेला. जाताना कड्याला पॉइंट लुकआउट हे नाव ठेवून गेला. १८०३ साली जहाज फुटल्यावर उघड्या होडीतून मदत आणायला निघालेला मॅथ्यू फ्लिंडर्स इथे पाण्यासाठी उतरला, तेव्हा इथल्या लोकांनी त्याला पाण्याची जागा दाखविली. १८२३ साली तीन गोरे लाकूडतोडे वादळात भरकटून या उपसागरात आले. आदिवासींनी त्यांना मासे दिले, आसरा दिला, महिनोन्‌महिने सांभाळले. पुढे त्यांतल्या दोघांनी ऑक्स्ली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ब्रिस्बेनची नदी दाखविली. दुसऱ्याच वर्षी तिथे कैद्यांची वसाहत उभी राहिली. त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८३१-३२ च्या सुमारास, याच बेटांवर सैनिकांच्या गोळ्यांनी आदिवासी पडले. पाणी पाजल्याची ही परतफेड.

बेट दूर, म्हणून नको असलेले सारे इथे पाठविण्याचा सरकारला नाद लागला. १८५० साली डनविचला साथीच्या रोग्यांसाठी ठाणे झाले. १८६५ पासून १९४६ पर्यंत निराधार, म्हातारी, आजारी माणसे ठेवण्याचा मोठा आश्रम होता. डनविचच्या दफनभूमीत त्यांतली हजारो माणसे आहेत. त्या आश्रमात राबत होते मुख्यतः इथले आदिवासी. पण गोऱ्याला जे वेतन, ते त्यांना नव्हते; बरेचसे शिध्यावर भागविले जाई. पंचवीसएक वर्षे ते अर्ज करीत राहिले, भांडत राहिले. अखेर १९४४ साली त्यांना बरोबरीचे वेतन मिळाले. साऱ्या ऑस्ट्रेलियात बरोबरीचे वेतन सरकारकडून मिळविणाऱ्या पहिल्या आदिवासींत त्यांची गणना होते.

त्या कामगारांपैकी एकाची मुलगी १९२० साली जन्मली. तेराव्या वर्षी तिची शाळा सुटली आणि ब्रिस्बेनला लोकांच्या घरी ती कामाला राहिली. तिचे नाव कॅथ वॉकर. १९६४ साली तिचा कवितासंग्रह निघाला. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासीचा छापून आलेला तो पहिला कवितासंग्रह. १९६३ साली आदिवासींच्या शिष्टमंडळाबरोबर ती पंतप्रधान मेंझिस यांना भेटायला गेली. पंतप्रधानांनी पाहुणचार म्हणून मद्य पुढे केले. तिने शांतपणे सांगितले, की क्वीन्सलंडात आदिवासीला मद्य दिल्याबद्दल तुम्हांला तुरुंगात जावे लागेल. देशाच्या पंतप्रधानाला आपल्याच देशाचा कायदा असा कळला! १९६७ साली सार्वमत झाले, आदिवासींनाही देशाच्या लोकसंख्येत धरावे म्हणून. शंभरांतल्या नव्वदांनी होय म्हटले. त्या मोहिमेत ती आघाडीवर होती.

पुढे ती बेटावर परत आली. डनविचजवळ मूंगल्बा नावाच्या जागी साध्या गाडीघरात राहिली आणि झाडाखाली शाळा मांडली. गोऱ्यांची मुले, काळ्यांची मुले, हजारोंनी तिथे आली. पुस्तक कमी, फिरणे जास्त. कोणती शिंपली खायची, कोणते झाड कशाला लागते, गरजेपेक्षा जास्त का घेऊ नये, हे ती चालता चालता शिकवी. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, इंग्रजी वसाहतीला दोनशे वर्षे झाल्याचा उत्सव होऊ घातला, तेव्हा तिने राणीचा किताब परत पाठविला आणि आपले नाव ऊडगरू असे घेतले. ऊडगरू म्हणजे कागदासारखी साल असलेले झाड, पेपरबार्क. आणि नूनुकल हे तिचे कूळ. १९९३ साली ती वारली. शिक्षक मंडळींनी तिचे नाव टिपून ठेवावे: ऊडगरू नूनुकल.

आता या बेटाचा सर्वांत मोठा तंटा सांगतो. ही वाळू नुसती वाळू नव्हती. तिच्यात रुटाइल, झिरकॉन, इल्मेनाइट ही जड खनिजे होती. पांढऱ्या रंगाला, फरशांना, कारखान्यांना ती लागतात. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू तुम्ही पाहिली असेल. तिच्यातही इल्मेनाइट आहे. मिंजेरिबावर १९४९ पासून खाणकाम सुरू झाले. रान उतरवायचे, वाळूत तळे करायचे, त्यात तरंगते यंत्र सोडायचे. ते पुढची वाळू गिळते, खनिज काढते आणि उरलेली वाळू मागे टाकते. मागे पुन्हा झाडे लावीत. पण हजारो वर्षांत जमलेले थर, पाणी अडविणाऱ्या त्या बश्या, पूर्वजांच्या जागा, यांची लागवड कशी करायची?

दुसरी बाजूही खोटी नव्हती. सत्तर वर्षे बेटावरच्या कित्येक घरांची चूल खाणीवर पेटत होती. आदिवासींतलेही काही जण तिथे कामाला होते. खाण बंद झाली तर पोरे खातील काय, हा प्रश्न घराघरांत होता. एकाच घरातले दोघे दोन बाजूंना होते. सरकारेही डोलत राहिली. २०११ साली ठरले, २०१९ ला खाण बंद. मग दुसरे सरकार आले, त्याने २०१३ साली मुदत २०३५ पर्यंत वाढविली. २०१६ साली तिसऱ्या सरकारने पुन्हा २०१९ वर आणली. शेवटी ३१ डिसेंबर २०१९ रोजी यंत्र थांबले.

याच काळात दुसरा एक दावा चालला होता. क्वांडामूकाच्या लोकांनी १९९५ साली न्यायालयात अर्ज केला, की ही भूमी आणि हे पाणी यांवर आमचा परंपरेचा हक्क आहे, तो मान्य करा. निकाल लागायला सोळा वर्षे लागली. अर्ज केलेल्यांतले कित्येक वडीलधारे तोवर गेले. ४ जुलै २०११ रोजी न्यायालय स्वतः बेटावर आले आणि हक्क मान्य झाला. जमीन व पाणी मिळून सुमारे चोपन्न हजार हेक्टरांवर. काही भाग पूर्णपणे त्यांचा, बराचसा इतरांबरोबर वाटून घ्यायचा. त्याच वर्षी बेटाच्या मोठ्या भागाचे राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे नाव नारी बुजोंग जारा, म्हणजे ‘माझी धरणीमाता’. त्याची व्यवस्था सरकार आणि क्वांडामूकाचे लोक मिळून पाहतात. किनाऱ्यावरच्या तंबूच्या जागाही आता त्यांची संस्था चालविते. येणाऱ्या पाहुण्याकडून त्यांना रोजगार मिळतो.

हक्क मिळाला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. २०१४ च्या जानेवारीत विजेने लागलेल्या वणव्यात निम्म्याहून अधिक बेट जळाले. पूर्वी आदिवासी थंडीच्या दिवसांत रानाचे लहान लहान तुकडे सावकाश जाळीत. वाळके गवत जाई, मोठी झाडे आणि जनावरे वाचत, आणि उन्हाळ्यात वणव्याला जळण मिळत नसे. मधल्या काळात ती रीत बंद पडली होती. आता त्यांचेच रानरक्षक पुन्हा ती चालवितात. जुने ज्ञान म्हणजे नुसती गोष्ट नव्हे. ते रान वाचविण्याचे हत्यार आहे.

आणि वाळू तर आपला स्वभाव सोडीत नाहीच. ॲमिटी पॉइंटला किनारा खचतो. लोकांना दगडांचे बांध घालावे लागले आहेत. १८९६ पर्यंत या बेटाला दक्षिणेकडचे बेट जोडलेले होते. १८९४ साली मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एक जहाज फुटले. त्यातली स्फोटके तिथेच उडविली, त्याने वाळू खिळखिळी झाली असे सांगतात. दोन वर्षांनी वादळात समुद्र आरपार गेला आणि एकाची दोन बेटे झाली.

तेव्हा अशा ठिकाणी जायचे ते कसे? तुमच्यापैकी कोणाची मुले नोकरीशिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात असतील, कोणी तिकडे जाईलही. पोहायचे तर जिथे तांबडी-पिवळी निशाणे लावलेली असतात, त्या दोन निशाणांच्या मध्येच. तिथे रक्षक असतात, इतरत्र ओढ फसवी असते. पुळणीवर गाडी घालायला परवाना लागतो. वाळूच्या टेकडीवर चाक चढवू नये, कारण एक वेल तुटली की वारा तिथून भोक पाडतो. कांगारूला खायला घालू नये. काबूरा तळे क्वांडामूकाच्या लोकांना पवित्र आहे. त्यात पोहू नये अशी त्यांची विनंती असते. आपण देवळाच्या कुंडात साबण लावतो का? तसेच ते. आणि जमल्यास त्यांच्याच वाटाड्याबरोबर फिरावे. डोळ्याला दिसते ते रान. ते सांगतात तेव्हा त्याचे घर होते.

आरंभी विचारले होते, वाळूचे घर टिकले कशाने? मुळांनी वाळू धरली. पाल्याच्या थराने पाणी धरले. आणि माणसांनी जागा धरली. मैदान बुडाले तरी, सैनिक आले तरी, खाण आली तरी. या तिघांतले एक सुटले की बाकीची दोन सैल होतात. आपल्याही नदीच्या वाळूवर, खाडीच्या काठावर, डोंगराच्या कुशीत असे धरून ठेवणारे कोण कोण आहे, याची नोंद उद्या वर्गात मुलांकडून जरूर करवून घ्या.